पोलंड : घरांनी राखलेला देश

युरोपातील देशांपैकी इंग्लंड, फ्रान्स आणि जर्मनी ह्यांच्याविषयी थोडीबहुत माहिती आपल्या सुशिक्षित घरांतून असतेच. परंतु त्याच खंडाच्या मध्यावर पसरलेल्या पोलंडाविषयी विचारले, तर पुष्कळांस राजधानीच्या नावापलीकडे काही सांगता येत नाही. हे काहीसे आश्चर्याचे आहे. कारण दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत ह्या देशातील सुमारे पाच हजार निर्वासित कोल्हापुराजवळ येऊन पाच वर्षे राहून गेले. आणि औंध संस्थानात प्रजेच्या हाती राज्यकारभार सोपविण्याचा जो प्रयोग झाला, त्यातही एका पोलिश गृहस्थाचा मोठा वाटा होता. शिवाय राज्य गेले, सीमा गेल्या, नकाशावरील नावसुद्धा गेले, तरी एक राष्ट्र सव्वाशे वर्षे जिवंत कसे राहिले, हा प्रश्न कोणाही विचारी वाचकास जिव्हाळ्याचा वाटावा. आणि ज्या मराठवाड्याने परभाषेच्या अमलाखाली दीर्घकाळ काढला, तेथील वाचकांस तर तो विशेषच जवळचा वाटेल.

आमच्या घरात हा विषय निघण्याचे कारण अगदी घरगुती आहे. आमच्या धाकट्या बंधूंची नात उच्च शिक्षणासाठी वॉर्सा येथे जावयाची ठरली, तेव्हा बीडच्या आमच्या वाड्यात आठ दिवस दुसरे बोलणे नव्हते. थंडी किती पडते, खावयास काय मिळते, शेजारच्या युक्रेनमध्ये २०२२ साली युद्ध पेटले त्याची झळ तेथवर कितपत पोहोचते, असे नाना प्रश्न निघाले. परंतु सर्वांत मार्मिक प्रश्न आमच्या भावजयींनी विचारला. त्या म्हणाल्या, "भाऊजी, तो मुलूख कुणाचा?" आमच्या मागच्या पिढीच्या तोंडी मुलूख दोनच असत. नगरच्या बाजूचा तो इंग्रजी, आणि आपला तो मोगलाई. सासूसासऱ्यांकडून ऐकलेल्या त्या भाषेत विचारलेल्या ह्या प्रश्नाचे उत्तर आम्हांस एका शब्दात देता येईना. म्हणून पुस्तके काढून बसलो, आणि जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवीत आहो.

प्रथम भूगोल पाहू. पोलंडाचे क्षेत्रफळ सुमारे ३ लक्ष १२ हजार चौरस किलोमीटर आहे. आपल्या महाराष्ट्राचे ३ लक्ष ७ हजार. म्हणजे विस्ताराने दोन्ही मुलूख जवळजवळ सारखे. लोकसंख्या मात्र पावणेचार कोटींच्या आसपास, म्हणजे महाराष्ट्राच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. उत्तरेस बाल्टिक समुद्र आहे, दक्षिणेस कार्पेथियन पर्वताची रांग आहे. ह्या रांगेच्या तात्रा नामक भागातील रिसी हे शिखर देशात सर्वांत उंच असून त्याची उंची सुमारे २,५०० मीटर आहे. आपले कळसूबाई १,६४६ मीटर भरते. पर्वत आणि समुद्र ह्यांच्या दरम्यान जो विस्तीर्ण प्रदेश आहे तो बहुतेक सपाट. त्यातून दक्षिणेकडून उत्तरेकडे विस्वा नदी वाहते. नकाशांतून तिचे नाव व्हिस्चुला असे छापलेले आढळते. क्राकूव्ह ही जुनी राजधानी आणि वॉर्सा ही आजची राजधानी, दोन्ही तिच्याच काठी. १,०४७ किलोमीटरांचा प्रवास करून ती ग्दान्स्क बंदराजवळ समुद्रास मिळते. गोदावरीवाचून महाराष्ट्राचा इतिहास सांगता येत नाही, तसा विस्वेवाचून पोलंडाचा येत नाही.

पावसाचे मान वर्षाकाठी सरासरी ६०० मिलिमीटरांच्या आसपास, म्हणजे आमच्या जिल्ह्यातील दुष्काळी तालुक्यांहून फारसे अधिक नव्हे. परंतु तेथे ऊन कोवळे आणि हिवाळा लांब, पाऊस बारा महिन्यांत विभागलेला. त्यामुळे पडलेले पाणी जमिनीत टिकते. राय नावाचे गव्हासारखे धान्य, बटाटे आणि सफरचंदे ही मुख्य पिके. साखरही तेथे मुबलक होते. मात्र ती उसाची नव्हे, तर बीट नामक कंदाची. हे कंद यंत्राने उपटून कारखान्यात नेतात. आमच्या जिल्ह्यातील लक्षावधी माणसे दर हंगामात कोयता घेऊन ऊसतोडीस परमुलखी जातात; तेव्हा साखरेच्या मागे मनुष्याचा संसार उठून जावाच लागतो असे नाही, हे ऐकून आमच्या घरातील स्त्रियांस मोठे नवल वाटले. क्राकूव्हजवळील व्येलिच्का येथे मिठाची खाण असून ती तेराव्या शतकापासून १९९६ पर्यंत चालू होती. कामगारांनी तिच्या पोटात मिठाच्या खडकातच देवालये आणि मूर्ती कोरल्या आहेत. आपल्या वेरुळाची आठवण करून देणारे ते काम आहे.

देशाचे खरे नाव पोल्स्का. 'पोले' म्हणजे शेत अथवा माळ. माळावर राहणारे ते पोलानी, आणि त्यांचा देश पोल्स्का. हे नाव जितके गोड, तितकेच त्या देशाचे दुर्दैव त्यात साठलेले आहे. दक्षिणेस पर्वत व उत्तरेस समुद्र असला तरी पूर्व आणि पश्चिम ह्या दोन्ही बाजू उघड्या. शिवाजी महाराजांस सह्याद्रीने जो आश्रय दिला, तसा आश्रय पोलंडास लाभला नाही. पश्चिमेस जर्मन आणि पूर्वेस रशियन अशा दोन प्रबळ शेजाऱ्यांच्या मध्ये ते उघडे शेत पडलेले होते, आणि त्या दोघांचे सैन्य जाता-येता त्यातून गेले. आजमितीस त्याचे शेजारी सात आहेत : जर्मनी, चेकिया, स्लोव्हाकिया, युक्रेन, बेलारूस, लिथुएनिया, आणि बाल्टिककाठच्या कालिनिनग्राड प्रांतापुरता रशिया.

आता इतिहास. इ. स. ९६६ साली मिएश्को नामक राजाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तेथून पोलंडाच्या लिखित इतिहासास आरंभ होतो. चौदाव्या शतकात थोर काझिमिएश राजाने १३६४ साली क्राकूव्ह येथे विद्यापीठ स्थापिले. ह्याच विद्यापीठात पुढे कोपर्निकस शिकला. पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे सांगणारा त्याचा ग्रंथ १५४३ साली प्रसिद्ध झाला. मध्यंतरी १३८६ साली यादविगा राणीचा विवाह लिथुएनियाच्या अधिपतीशी होऊन दोन राज्ये एका छत्राखाली आली, आणि १५६९ साली त्यांचे रीतसर एकीकरण झाले. त्या काळी हे राज्य युरोपातील सर्वांत विशाल राज्यांपैकी एक होते. आणि त्यात पोलिश, लिथुएनियन, युक्रेनियन, जर्मन, यहुदी अशा अनेक भाषा-धर्मांचे लोक नांदत होते.

ह्या राज्याची एक रीत चमत्कारिक होती. राजा वंशपरंपरेने येत नसे. सरदार-दरकदार एका माळावर जमून त्याची निवड करीत. ह्या रीतीने १६७४ च्या मे महिन्यात यान सोबिएस्की हा वीर राजपदी निवडला गेला. त्यानंतर थोड्याच दिवसांनी, ६ जून १६७४ रोजी, रायगडावर शिवाजी महाराजांस राज्याभिषेक झाला. १६८३ साली तुर्कांनी व्हिएन्ना शहरास वेढा घातला असता सोबिएस्कीने तो उठविला, हा त्या राज्याच्या वैभवाचा शेवटचा मोठा प्रसंग.

पुढे घर फिरले. लोकसभेचा असा नियम होता की, एका सभासदाने जरी 'मला मान्य नाही' असे म्हटले तरी ठराव बारगळावा, इतकेच नव्हे तर सभाच मोडावी. एकत्र कुटुंबात राहणाऱ्या वाचकांस ह्या नियमाचे परिणाम समजावून सांगावयास नकोत. परकीय राजे एखाद्या सभासदाची मूठ दाबीत आणि सभा उधळून लावीत. फौज दुबळी झाली, तिजोरी रिती झाली, आणि तिकडे कुळे सरदारांच्या जमिनीवर वेठबिगारीने खितपत पडली. अखेर रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया ह्या तिघांनी १७७२, १७९३ आणि १७९५ अशा तीन खेपांस हा देश भाकरीसारखा तोडून वाटून घेतला. मध्यंतरी शहाणे लोक जागे झाले नाहीत असे नाही. ३ मे १७९१ रोजी त्यांनी नवी लेखी राज्यघटना केली, आणि १७९४ साली कोश्चुश्को ह्या सेनानीने कोयते सरळ करून हाती घेतलेल्या शेतकऱ्यांसह बंड उभारिले. परंतु वेळ निघून गेली होती.

त्याच १७९५ साली, मार्च महिन्यात, आमच्या जिल्ह्याच्या सीमेस लागून असलेल्या खर्ड्याच्या रणभूमीवर मराठ्यांनी निजामाचा पराभव केला. मराठेशाहीतील सर्व सरदार एकदिलाने लढल्याचा तो अखेरचा प्रसंग. त्यानंतर तेवीस वर्षांत पेशवाई बुडाली. बीड परगणा निजामाकडेच राहिला. इतिहासातील साम्ये फार ताणू नयेत हे खरे. पण सरदारांतील दुहीने राज्ये कशी बुडतात ह्याचे दोन दाखले एकाच सालात, एक विस्वेकाठी आणि एक आमच्या अंगणाशी असे पहावयास मिळतात, हे नमूद केल्यावाचून राहवत नाही.

१७९५ पासून १९१८ पर्यंत, म्हणजे १२३ वर्षे, पोलंड नावाचा स्वतंत्र देश युरोपाच्या नकाशावर नव्हता. भावजयींच्या प्रश्नास ह्या काळातले उत्तर 'तिघांचा' असे द्यावे लागेल. १८३० आणि १८६३ साली रशियाविरुद्ध मोठे उठाव झाले. ते चिरडले गेले. त्यानंतर रशियन झारच्या सरकारने शाळांतून पोलिश भाषा हद्दपार करून रशियन भाषा लादली, आणि प्रशियाच्या वाट्यास आलेल्या भागात जर्मन भाषेने तोच मार्ग धरिला. ऑस्ट्रियाचा अंमल त्या मानाने सौम्य होता. तेथे क्राकूव्ह व ल्वूफ येथील विद्यापीठांतून पोलिश चालू शकली.

अशा वेळी ही भाषा राखली कोणी? राज्य नव्हते, फौज नव्हती, शाळा नव्हती; उरली होती ती घरे. वॉर्सा शहरी १८८० नंतरच्या दशकात 'उडते विद्यापीठ' ह्या नावाची एक गुप्त पाठशाळा निघाली. तिला इमारत नव्हती. आज एकाच्या दिवाणखान्यात तर उद्या दुसऱ्याच्या माडीवर वर्ग भरत, आणि आरंभी तेथे शिकावयास येत त्या बहुतेक स्त्रियाच होत. ह्या पाठशाळेत मारिया स्क्वोदोफ्स्का नावाची एक मुलगी शिकली. लहानपणी तिच्या शाळेत पोलिश इतिहास चोरून शिकवीत. रशियन तपासनीस आल्याची घंटा वाजली की पुस्तके लपवावयाची, आणि वर्गात हुशार म्हणून हिने उभे राहून झारच्या कुळाची नावे रशियन भाषेत घडाघड म्हणून दाखवावयाची. हीच पुढे मादाम क्यूरी ह्या नावाने जगास वंद्य झाली. १८९८ साली तिने पतीसह एक नवे मूलद्रव्य शोधून काढिले, आणि त्यास 'पोलोनियम' हे नाव ठेविले. ज्या देशास नकाशात जागा नव्हती, त्याचे नाव तिने मूलद्रव्यांच्या कोष्टकात कायमचे घालून ठेविले.

दुसरा प्रसंग १९०१ सालचा. प्रशियाच्या अमलाखालील व्झेश्न्या गावी धर्मशिक्षणही जर्मन भाषेतच द्यावे असा हुकूम निघाला. लहान लहान मुलांनी जर्मन भाषेत प्रार्थना म्हणण्याचे नाकारिले. त्यांस वेताने झोडपले. निषेध करणाऱ्या आईबापांस तुरुंगवास झाला. तरी मुले बधली नाहीत. ती मुले काही सरदारघराण्यांतील नव्हती. साध्या कष्टकरी कुटुंबांतील होती. ज्या कुळांस राज्य असताना सरदारांनी माणसांत धरले नाही, त्यांच्याच वंशजांनी राज्य गेल्यावर भाषा उचलून धरिली, ही गोष्ट आमच्या मते पोलंडाच्या इतिहासातील सर्वांत विचार करण्याजोगी होय.

आमच्या घरात ही हकिगत वाचून दाखविली, तेव्हा कोणाही वडीलधाऱ्यास ती परकी वाटली नाही. हैदराबाद संस्थानात कारभाराची आणि वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू होती. १९१८ साली, ज्या वर्षी पोलंड स्वतंत्र झाला त्याच वर्षी, हैदराबादेस उस्मानिया विद्यापीठ निघाले. देशी भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा तो मोठा आणि स्तुत्य उपक्रम होता. परंतु ती देशी भाषा मराठी, तेलुगू अथवा कानडी नव्हती, आणि संस्थानातील बहुसंख्य मुलांची घरची भाषा ह्या तिहींपैकी एक होती. आमचे तीर्थरूप गणित उर्दूत शिकले, भूगोल उर्दूत शिकले; मराठी मात्र त्यांस आमच्या आजीने माजघरात, धान्य निवडता निवडता, पोथीवर बोट ठेवून शिकविली. अशी घरे जिल्ह्यात शेकड्यांनी होती. त्यांच्या जोडीला लोकांनी स्वतः चालविलेल्या शाळा उभ्या राहिल्या. अंबाजोगाईची योगेश्वरी शाळा १९१७ सालची, आणि स्वामी रामानंद तीर्थांनी पुढे तेथेच अध्यापन केले. ज्या गावी मुकुंदराजांची समाधी आहे, ज्या गावी दासोपंतांनी चाळीस फूट लांब पासोडीवर 'पंचीकरण' लिहून ठेविले, त्या गावी मराठीस आसरा मिळावा हे योग्यच होते.

येथे दोन गोष्टी स्पष्ट करणे अवश्य आहे. एक, निजामाच्या अमलात मराठी बोलण्यास वा मराठी पोथी वाचण्यास वेताचा मार नव्हता. पोलंडाचे हाल ते पोलंडाचे, आपले त्यांच्या मापाने मोजू नयेत. दुसरी, उर्दूशी आमचे वैर नाही. तीर्थरूप अखेरपर्यंत गालिबचे शेर आळवीत. आमच्या वाड्याचे जुने खरेदीखत उर्दूत आहे, आणि आज घरात ते वाचणारा एकही नाही, ह्याचे आम्हांस वाईट वाटते. भाषा लादणे निराळे, आणि भाषा निराळी. खुद्द पोलंडास हे भान नेहमीच राहिले असे नाही. स्वतंत्र झाल्यावर १९२४ च्या कायद्याने त्याने आपल्या पूर्वभागातील युक्रेनियन शाळांवर पोलिश भाषेचे ओझे घातले. काल वेत खाल्लेला हात आज वेत उचलतो, हे इतिहासात वारंवार दिसते. म्हणून कोणाही राष्ट्राची केवळ आरती ओवाळू नये.

११ नोव्हेंबर १९१८ रोजी मिळालेले स्वातंत्र्य एकवीस वर्षेही टिकले नाही. १ सप्टेंबर १९३९ रोजी हिटलरच्या फौजा पश्चिमेकडून घुसल्या, आणि १७ सप्टेंबर रोजी स्टालिनच्या पूर्वेकडून. १७ सप्टेंबर ही तिथी मराठवाड्यात ध्वजवंदनाची. १९४८ साली ह्याच दिवशी निजामाने शरणागती पत्करली आणि आम्ही मोकळे झालो. पोलंडात तीच तारीख काळी. त्या युद्धात सुमारे साठ लक्ष पोलिश नागरिक मृत्यू पावले. त्यांत जवळजवळ निम्मे यहुदी होते. औश्वित्झची छळछावणी जर्मनांनी ह्याच भूमीवर उभारिली होती.

पूर्वभागातील लक्षावधी माणसांस रशियनांनी सैबेरिया आणि मध्य आशियात नेऊन टाकिले होते. १९४१ साली जर्मनीने रशियावरच हल्ला केला, तेव्हा त्यांची सुटका झाली, आणि त्यांतील काही इराणमार्गे हिंदुस्थानात आली. नवानगरच्या जामसाहेबांनी बालाचडी येथे पोलिश मुलांस आश्रय दिला, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. त्याहून मोठी वसाहत १९४३ साली कोल्हापुराजवळील वळिवडे येथे वसली. पुरुष बहुतेक सैन्यात गेलेले. म्हणून येथे होती ती मुख्यतः बायका आणि मुले. ह्या बायकांनी बराकींतून प्रथम काय केले असेल, तर शाळा मांडल्या. आणि त्या शाळांची भाषा पोलिश होती. प्रार्थनामंदिर झाले, नाटके झाली, बालवीरांची पथके झाली. उसाच्या फडांशेजारी, पंचगंगेच्या वाऱ्यावर, विस्वेकाठची भाषा पाच वर्षे नांदली. १९४८ साली ही वसाहत मोडली. पण बहुतेकांस परतावयास घर उरले नव्हते, कारण त्यांचे गाव आता रशियाच्या हद्दीत गेले होते. पुष्कळ जण इंग्लंड आदि देशांस गेले. रिकाम्या झालेल्या त्या बराकींत फाळणीने देशोधडीस लागलेले सिंधी लोक येऊन राहिले; तेच आजचे गांधीनगर. वॉर्सा शहरी वळिवडे-कोल्हापूर वसाहतीचे स्मारक आहे. आमच्या नातीने पहिल्याच महिन्यात तेथे फुले वाहिली.

औंधचा उल्लेख वर आला आहे. वॉर्सा येथे १९०१ साली जन्मलेले मॉरिस फ्रीडमन हे अभियंते हिंदुस्थानात आले आणि येथलेच झाले. १९३९ साली औंधच्या पंतप्रतिनिधींनी प्रजेस स्वराज्य दिले, त्याची घटना तयार करण्यात त्यांनी भाग घेतला. पुढे मुंबईत निसर्गदत्त महाराजांची मराठी निरूपणे इंग्रजीत उतरवून १९७३ साली त्यांनी ती जगापुढे ठेविली. वळिवड्यास आपण पोलिशांना जागा दिली खरी, पण ह्या एका गृहस्थाने त्या उपकाराची फेड मराठी वाणीची सेवा करून केली, असे म्हणावयास हरकत नाही.

युद्धानंतर पोलंडाच्या सीमाच उचलून पश्चिमेस सरकविल्या गेल्या. पूर्वेकडील ल्वूफ व विल्नो ही शहरे गेली, आणि जर्मनांचे ब्रेस्लाऊ हे व्रोत्स्वाफ होऊन पोलंडात आले. चार दशके साम्यवादी राजवट होती. १९८० साली ग्दान्स्कच्या गोदीतील कामगारांनी 'सॉलिडॅरिटी' ही संघटना उभारिली. १९८९ च्या निवडणुकीने ती राजवट संपविली. १९९९ साली देश नाटोत आणि २००४ साली युरोपीय संघात गेला. जमीनदोस्त झालेले जुने वॉर्सा लोकांनी जुनी चित्रे पाहून विटेवर वीट रचीत पुन्हा जसेच्या तसे उभे केले आहे.

आता भाषेविषयी. पोलिश ही चेक व स्लोव्हाक ह्यांची बहीण. लिपी रोमन, परंतु अक्षरांस शेपट्या आणि टिंबे फार. बाल्टिककाठी काशुबियन नावाची निराळी भाषा आहे, तिला २००५ साली प्रादेशिक भाषा म्हणून मान्यता मिळाली. युद्धापूर्वी तीस लक्षांहून अधिक यहुदी तेथे होते आणि त्यांतील बहुतेक घरांतून यिद्दिश भाषा बोलली जाई. ती घरेच नष्ट झाली, आणि यिद्दिश तेथे जवळजवळ मुकी झाली.

संस्कृत जाणणाऱ्यास पोलिश अगदीच परकी वाटणार नाही, कारण दोहोंचे मूळ एक. तीन लिंगे आपल्याप्रमाणेच. सात विभक्त्या, त्यांत संबोधनही आहे. आणि 'तो गेला, ती गेली' असा क्रियापदातील लिंगभेदही आहे. द्वि म्हणजे 'द्वा', शत म्हणजे 'स्तो', भ्राता म्हणजे 'ब्रात', अग्नि म्हणजे 'ओग्येन्', धूम म्हणजे 'दिम', विधवा म्हणजे 'व्दोवा'. आमच्या नातीने दूरध्वनीवरून ही यादी वाचून दाखविली, तेव्हा घरातील मुले तासभर नवे शब्द जुळवीत बसली होती.

परंतु आम्हांस ज्या शब्दांनी थांबविले ते निराळेच. जुन्या पोलिश भाषेत नवऱ्याच्या भावास 'जेव्येश' म्हणत. तो आपला देवर, म्हणजे दीर. सासूस 'श्व्येक्रा' म्हणत, ती श्वश्रू. आणि दिराच्या बायकोस 'योंत्रेफ' म्हणत. ही संस्कृतातील यातृ, म्हणजे आपली जाऊ. एका चुलीभोवती वावरणाऱ्या माणसांस लागणारे हे शब्द विस्वेकाठी आणि गोदाकाठी एकाच मुळातून वाढले होते. आज ते पोलंडात उरलेले नाहीत. आमच्या नातीच्या बरोबरीच्या मुलींस ते ठाऊकही नव्हते. दीर, मेहुणा, साडू ह्या साऱ्यांस तेथे जर्मन वळणाचा एकच शब्द आता पुरतो.

येथे आम्ही बराच वेळ विचार करीत बसलो. जी भाषा झारच्या हुकुमाने मेली नाही, वेताने मेली नाही, जिच्यासाठी मुलांनी मार खाल्ला आणि बायकांनी बराकींत शाळा मांडल्या, तिच्यातलेच हे शब्द कोणीही मनाई केली नसताना गेले. ते म्हणण्याचा प्रसंग उरला नाही, म्हणून गेले, एवढेच. आमच्या वाड्यात एके काळी चार जावा होत्या. आज लहान मुले काकू, मामी, मावशी आणि आत्या ह्या चौघींस मिळून 'आंटी' म्हणतात, आणि ते ऐकून आम्ही वडील माणसे कौतुकाने हसतो. उर्दू शाळेतून परतणाऱ्या मुलास पोथीवर बोट ठेवून शिकविणाऱ्या आजीला समोर विरोधक दिसत होता. आम्हांस तो दिसत नाही, म्हणून आम्ही स्वस्थ आहो.

मुलांनी परदेशी जावे, इंग्रजी शिकावे, आणि ज्या देशात राहावे त्या देशाची भाषाही आपुलकीने शिकावी. आमची नात पोलिश शिकत आहे ह्याचा आम्हांस आनंदच आहे. परंतु घरात नात्यांस नात्याच्या नावाने हाक मारावी, दिवसातून एक पान मुलांकडून मोठ्याने वाचून घ्यावे, आणि परगावच्या मुलांस महिन्यातून एक पत्र देवनागरीत लिहावे व त्यांच्याकडून लिहवून घ्यावे, एवढे तरी प्रत्येक कुटुंबास सहज करता येण्यासारखे आहे. ह्यासाठी कोणत्याही सरकारची परवानगी लागत नाही. आणि पोलंडाची १२३ वर्षे पाहता, सरकारच्या मदतीवाचूनही ते होते, असे आमचे मत झाले आहे. तो मुलूख कुणाचा, ह्या भावजयींच्या प्रश्नास आम्ही अखेर हेच उत्तर दिले : ज्यांनी घरात आपली भाषा बोलणे सोडले नाही, त्यांचा.